कॉलेजच्या खेळाडूला पैसे द्यायचे, पण पगार म्हणायचं नाही

मार्च लागला की अमेरिकेत तीन आठवडे बास्केटबॉलशिवाय दुसरा विषय नसतो. ६८ कॉलेजांचे संघ, हरला तो घरी, आणि कोण कुठवर जाणार याचे अंदाज मांडलेले तक्ते ऑफिसाऑफिसांत फिरत असतात. आपल्याकडून एमएस करायला गेलेली मुलंही पहिल्याच वर्षी कॉलेजच्या रंगाचा टीशर्ट घालून या गर्दीत मिसळतात. पण अलीकडे या चाहत्यांच्या गप्पा ऐकल्या तर नवखा माणूस चक्रावून जातो. बचाव कसा लावला, कोचनं शेवटच्या मिनिटाला कुणाला बसवलं, हे विषय मागे पडले आहेत. अमक्याला किती मिळाले, तमका कॉलेज सोडून चालला का, पुढच्या वर्षी संघ उभा करायला आपल्याकडे पैसा आहे का, यावर रात्र रात्र चर्चा रंगते.

१ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. शिकायला आलेल्या मुलांना कॉलेजनं पैसे का द्यायचे, असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे द्यायलाच हवे होते आणि ते फार उशिरा मिळाले. आजचा गोंधळ उडाला आहे तो पैसे देऊनही या मुलांना कामगार मानायला कॉलेजं तयार नाहीत म्हणून. हे नीट समजायला थोडं मागून सुरुवात करू.

कॉलेजचा संघ एवढा मोठा कसा?

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेला खेळाडूंचे मित्र सोडले तर कोणी फिरकत नाही. अमेरिकेत तसं नाही, आणि त्यामागे भूगोल आहे. केंटकी, कॅन्सस, आयोवा या राज्यांत एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, एकही संघ नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हाच अख्ख्या राज्याचा संघ. शेतकरी, ट्रकचालक, कॉलेजची पायरीही न चढलेली माणसं त्याच्यासाठी जीव टाकतात. कॅन्ससला तर आणखी एक मान आहे. १८९१ साली ज्यांनी हा खेळ शोधून काढला ते जेम्स नेस्मिथ तिथलेच पहिले कोच. गंमत अशी की कॅन्ससच्या सगळ्या कोचांमध्ये जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेले तेवढे एकटेच.

नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाविरुद्धचा सामना पाहायला मिळावा म्हणून विद्यार्थी थंडीत कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात. तिथल्या जुन्या स्टेडियममध्ये जागा फक्त ९,३१४. तंबूतच गृहपाठ होतो, मैत्र्या जुळतात, पाळीपाळीनं राखण चालते. कॉलेज जीवनाचा इतका मोठा भाग एका संघाभोवती फिरतो हे पाहिल्याशिवाय या पैशांच्या वादातली तळमळ कळत नाही.

या तळमळीला बाजारात किंमत आहे. मार्चच्या पुरुषांच्या स्पर्धेचे टीव्ही हक्क २०३२ पर्यंत विकले गेले आहेत, वर्षाला साधारण १.१ अब्ज डॉलरना. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो की कुलगुरू नसतो. तो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल (इथे सगळीकडे अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन खेळायचा) किंवा बास्केटबॉलचा कोच असतो.

मग खेळाडूला काय मिळायचं?

शिष्यवृत्ती. म्हणजे फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं. कॉलेज खेळांचं नियमन करणारी संस्था एनसीएए. तिची स्थापना १९०६ ची. कॉलेजचा खेळाडू हौशी असतो, त्यानं खेळातून एक डॉलरही कमवायचा नाही, हा तिचा मूळ नियम. जाहिरात केली, बूट फुकट घेतले, कुणी विमानाचं तिकीट काढून दिलं, तरी बंदी.

या हौशीपणामागे फक्त तत्त्व होतं असं मानणं कठीण आहे. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा रे डेनिसन हा फुटबॉल खेळाडू सामन्यात डोक्याला मार बसून गेला. त्याच्या पत्नीनं कामावर मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली, कारण तो कॉलेजचा कर्मचारी ठरत नव्हता. त्याच काळात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडू कधीही कर्मचारी ठरू नये, हा त्यामागचा हेतू. निवृत्तीनंतर बायर्स स्वतःच या व्यवस्थेचे कठोर टीकाकार झाले.

या व्यवस्थेत मुलांचं काय व्हायचं याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. २०१४ साली कनेक्टिकटला विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला होता की काही रात्री आपण उपाशी झोपतो. ज्याच्या क्रमांकाच्या जर्सी दुकानात विकल्या जात होत्या, तो मुलगा. कॉलेजनं खेळाडूला किती जेवण द्यायचं यावरचे निर्बंध एनसीएएनं त्यानंतर काही दिवसांतच उठवले.

नियम मोडले कुणी?

कोर्टानं, आणि थोडं राजकारण्यांनी. १९९५ चा विजेता खेळाडू एड ओबॅनन याला अनेक वर्षांनी एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःचा अवतार दिसला. तीच उंची, तोच क्रमांक, तोच डावा हात. कंपनी पैसे कमवत होती, एनसीएए परवान्याचे पैसे घेत होती, ओबॅननला काहीच नव्हतं. त्यानं २००९ मध्ये खटला भरला आणि भिंतीला पहिली भेग पडली. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं खेळाडूंना जाहिरातीतून कमाई करू देणारा कायदा केला, पाठोपाठ इतर राज्यं सरसावली. आपल्याच राज्यातली कॉलेजं मागे राहावीत असं कुठल्या आमदाराला वाटेल?

मग २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात ९-० असा एकमुखी निकाल दिला. मुद्दा स्पर्धा कायद्याचा (खेळातली नव्हे, बाजारातली स्पर्धा) होता, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एकाच धंद्यातल्या कंपन्यांनी आपसांत संगनमत करून कामगारांना अमुकपेक्षा जास्त द्यायचं नाही असं ठरवलं, तर अमेरिकेत तो गुन्हा आहे. शेकडो कॉलेजं एकत्र येऊन नेमकं हेच ठरवत होती. निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता. पण न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांनी वेगळं टिपण जोडून सांगितलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. तो इशारा सगळ्यांना कळला.

एनआयएल म्हणजे काय?

दहाच दिवसांनी, १ जुलै २०२१ ला, एनसीएएनं खेळाडूंना स्वतःचं नाव, छबी आणि ओळख वापरून कमाई करायला परवानगी दिली. या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एनआयएल. खेळण्याचे पैसे नाहीत, जाहिरातीचे आहेत, अशी ही मांडणी. गावातल्या मोटार विक्रेत्याच्या जाहिरातीत झळकायचं, बुटांच्या कंपनीशी करार करायचा, सह्या विकायच्या.

कागदावर हे छान होतं. प्रत्यक्षात श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी आणि चाहत्यांनी मिळून ‘कलेक्टिव्ह’ काढले. गणपती मंडळ वर्गणी गोळा करतं आणि त्यातून यंदा कुणाचं ढोल पथक आणायचं ते ठरवतं, तसाच हा प्रकार. चाहत्यांकडून पैसा गोळा करायचा, हव्या त्या खेळाडूला ‘जाहिरातीचा करार’ द्यायचा, आणि तो आपल्या कॉलेजात येईल असं पाहायचं. कॉलेजचा हात कुठेच दिसत नाही.

२०२२ च्या वसंतात निजेल पॅक कॅन्सस स्टेटहून मायामीला आला, तेव्हा एका उद्योगपतीनं दोन वर्षांसाठी ८ लाख डॉलर आणि एक गाडी असा करार उघडपणे जाहीर केला. मायामीचाच दुसरा खेळाडू आयझाया वाँग याच्या एजंटानं लगेच सांगितलं की आमचाही करार वाढवा, नाहीतर आम्ही चाललो. वाँग अखेर थांबला, आणि पुढच्या वर्षी हे दोघं असलेला संघ शेवटच्या चारांत पोचला. त्या संघाचे कोच जिम लारानागा यांनी डिसेंबर २०२४ मध्ये हंगाम अर्ध्यावर असताना निवृत्ती घेतली. थकलो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एवढं यश मिळवूनही त्यांच्या खेळाडूंची रीघ बाहेरच्या दाराकडे लागली होती.

बाहेरचं दार: ट्रान्सफर पोर्टल

पूर्वी कॉलेज बदललं की खेळाडूला एक वर्ष बाकावर बसावं लागे. २०१८ मध्ये एनसीएएनं एक ऑनलाइन यादी सुरू केली. मला दुसरीकडे जायचं आहे असं म्हणणाऱ्यानं तिच्यात नाव टाकायचं. हेच पोर्टल. २०२१ मध्ये एकदा बदलण्यासाठी वर्षभर बसण्याची अट गेली, २०२४ मध्ये कितीही वेळा बदला अशी मोकळीक झाली. मोकळी वाट आणि जाहिरातीचा पैसा ही दोन दारं एकाच वेळी उघडली आणि दरवर्षी वसंतात संघच्या संघ विस्कटू लागले.

आपल्या वाचकांना जवळचं उदाहरण जर्सी सिटीतलं घेऊ. जिथे भारतीय दुकानांच्या रांगा आहेत त्याच शहरात सेंट पीटर्स हे छोटं जेझुइट विद्यापीठ आहे. २०२२ मध्ये आपल्या गटातल्या सोळा संघांत पंधरावं मानांकन असलेल्या या संघानं बलाढ्य केंटकीला हरवलं, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला, आणि शेवटच्या आठांत धडक मारली. पंधराव्या मानांकनाचा संघ तिथवर कधीच पोचला नव्हता. केंटकीच्या एकट्या कोचचा पगार या पूर्ण संघाच्या वर्षभराच्या खर्चाच्या कितीतरी पट होता. मिशीवाला डग एडर्ट रातोरात प्रसिद्ध झाला आणि चिकन विंग्ज विकणाऱ्या साखळीची जाहिरात त्याला मिळाली. आणि मग? काही दिवसांतच कोच शहीन हॉलोवे मोठ्या सेटन हॉलला गेले. बहुतेक मुख्य खेळाडूही पांगले. शहरानं मिरवणूक काढावी असा संघ पुढच्या हंगामात उरलाच नाही.

“म्हणजे निष्ठा संपलीच की!”

चाहत्यांची ही तक्रार मी हलकी लेखणार नाही. एखाद्या पोराला पहिल्या वर्षी अडखळताना, चौथ्या वर्षी संघाचा कणा होताना पाहणं, हेच कॉलेजच्या खेळाचं सुख होतं. ते आटलं आहे. पण निष्ठेची अपेक्षा फक्त एकोणीस वर्षांच्या मुलाकडून का? हॉलोवे गेले तेव्हा ती त्यांची बढती होती. जॉन कॅलिपारी १५ वर्षांनी केंटकी सोडून अर्कन्सॉला गेले, तेव्हा त्यांना कुणी वर्षभर बाकावर बसवलं नाही. आणि १९७३ नंतर कित्येक वर्षं कॉलेजं शिष्यवृत्ती एकेका वर्षापुरतीच देत असत. खेळ खालावला की नूतनीकरण नाही. खेळाडूला वाऱ्यावर सोडायची सोय कॉलेजकडे आधीपासून होती, खेळाडूकडे ती आत्ता आली.

“शिष्यवृत्ती मिळतेच, आणखी कशाला?”

मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या आईवडिलांच्या मनात हे येणारच. अमेरिकेतली फी पाहता शिष्यवृत्ती ही खरोखर मोठी गोष्ट आहे, आणि बहुसंख्य खेळाडूंसाठी तोच चांगला सौदा आहे. पण संगीताची शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याला बाहेर कार्यक्रम करून पैसे घ्यायला कोणी मनाई करत नाही. संगणकशास्त्राचा विद्यार्थी उन्हाळ्यात कंपनीत काम करतो. बंदी फक्त खेळाडूवर होती. त्यातून २००६ पासून एनबीए १९ वर्षांखालच्या मुलाला घेतच नाही, त्यामुळे सर्वोत्तम खेळाडूंनाही एक वर्ष बहुधा कॉलेजातच काढावं लागे.

हाऊस तडजोड: थेट पैसे

ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाऊस आणि इतरांनी भरलेल्या खटल्यात ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी तडजोड मंजूर केली. ओबॅननचा खटलाही त्यांच्याच समोर चालला होता. २०१६ नंतरच्या खेळाडूंना बुडालेल्या कमाईपोटी दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळणार. आणि यापुढे प्रत्येक विद्यापीठ आपल्या सगळ्या खेळाडूंना मिळून पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत, म्हणजे साधारण पावणेदोनशे कोटी रुपये, थेट देऊ शकणार. सक्ती नाही, ही वरची मर्यादा आहे, आणि ती वर्षागणिक वाढत जाणार. बाहेरचे जाहिरात करार चालूच राहतील, पण ६०० डॉलरवरचा करार एका नव्या आयोगाला दाखवायचा. खरोखर जाहिरात आहे की मंडळाची वर्गणी, हे तो तपासणार.

मर्यादा कशी ठरली? मोठ्या विद्यापीठांच्या ठरावीक उत्पन्नाच्या सरासरीच्या २२ टक्के. एनबीएचे खेळाडू बास्केटबॉलच्या उत्पन्नातला जवळजवळ निम्मा वाटा घेतात. कारण त्यांची संघटना आहे. तिनं मालकांसमोर बसून वाटा ठरवला, आणि बदल्यात पगारांवर कमाल मर्यादा मान्य केली. संघटनेशी करार करून मर्यादा घातली तर तिला स्पर्धा कायद्यापासून संरक्षण मिळतं. कॉलेजांनी आपसांत घातली तर ते संगनमत. आत्ताची मर्यादा एका कोर्टाच्या तडजोडीवर टेकलेली आहे. पुढे येणारा खेळाडू तिला पुन्हा आव्हान देऊ शकतो.

म्हणून एनसीएए वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, स्पर्धा कायद्यातून सूट मागते आहे, आणि त्याचबरोबर खेळाडू कर्मचारी नाहीत असं तिला लिहून हवं आहे. मला हे पटत नाही. खेळाडूंना तीन-चार वर्षांसाठी बांधून ठेवणारे, दोन्ही बाजूंना पाळावे लागणारे करार हवे असतील, तर ते त्यांच्याशी बोलूनच होतील. चाहत्यांना हवं असलेलं स्थैर्य मिळण्याची वाटही तीच.

हा प्रयोग एकदा झालाही. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाला राष्ट्रीय कामगार मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्यानं २०२४ मध्ये कर्मचारी ठरवलं. खेळाडूंनी ५ मार्चला १३ विरुद्ध २ मतांनी संघटना निवडली. ज्या गटातल्या कॉलेजांत खेळाची शिष्यवृत्तीसुद्धा देत नाहीत, तिथली ही मुलं. कॉलेजनं वाटाघाटीला नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये सत्ताबदल होणार होता, मंडळाचा कल उलटेल असं दिसत होतं, म्हणून ३१ डिसेंबरला अर्ज मागे घेतला गेला. प्रश्न तसाच उभा आहे.

“आणि मुलींचं काय?”

२०२४ च्या महिलांच्या अंतिम फेरीत साउथ कॅरोलायना आणि गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क हिचं आयोवा यांचा सामना १.८९ कोटी लोकांनी पाहिला. त्याच वर्षीचा पुरुषांचा अंतिम सामना १.४८ कोटींनी. तरीही बुडालेल्या कमाईच्या भरपाईत महिला बास्केटबॉलचा वाटा साधारण ५ टक्के आहे, पुरुषांचा १५, आणि फुटबॉलचा ७५ च्या आसपास. गणित जुन्या टीव्ही करारांवर केलेलं, आणि महिलांची स्पर्धा वर्षानुवर्षं पडेल भावात विकली गेली. १९७२ चा टायटल नाइन कायदा शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करतो. थेट वाटल्या जाणाऱ्या पैशाला तो लागू होतो का, यावर महिला खेळाडू अपिलात गेल्या. माझ्या मते या तडजोडीचा सर्वांत अन्यायकारक भाग हाच आहे.

परदेशी खेळाडू आणि एफ-१

आपल्या घरांतून गेलेल्या मुलांना एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचे नियम पाठ असतात: सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच. कँटीनमध्ये काम करणाऱ्या मुलाला लागू होणारा हाच व्हिसा सात फूट चार इंच उंचीच्या झॅक ईडीकडेही होता. टोरांटोचा हा मुलगा पर्ड्यूकडून खेळताना २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. पण अमेरिकन सहकारी सहज करत असलेले करार त्याला करता येत नव्हते. केंटकीचा काँगोहून आलेला ऑस्कर चिब्वे याच्या बाबतीत वाट निघाली. २०२२ च्या उन्हाळ्यात संघ बहामाजला गेला, आणि अमेरिकेच्या हद्दीबाहेर आहोत तर तिथेच त्याच्या जाहिरातींचं काम उरकून घेतलं. थेट पैसे आले तरी व्हिसाचा कायदा बदललेला नाही. आता हे पैसे म्हणजे कामाचा मोबदला की आणखी काही, या प्रश्नाचं उत्तर परदेशी मुलाच्या व्हिसाला धोका पोचवू शकतं.

हा खर्च कोण उचलणार?

फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉल सोडले तर बहुतेक खेळ तोट्यात चालतात. पोहणं, कुस्ती, टेनिस, धावणं यांच्या संघांवर आधी कात्री चालण्याची भीती खरी आहे, आणि ऑलिंपिकमधले अमेरिकन खेळाडू मोठ्या संख्येनं याच संघांतून येतात. तिकिटं महागली आहेत. टेनेसी विद्यापीठानं २०२५ च्या फुटबॉल तिकिटांवर खेळाडूंच्या पैशासाठी १० टक्के वेगळा आकार लावला. अनेक सरकारी विद्यापीठं तर पूर्वीपासून सगळ्या विद्यार्थ्यांकडून खेळांसाठीचं शुल्क घेतात, सामना पाहा वा न पाहा. मुलाला अमेरिकेत पाठवताना फीच्या तपशिलात ‘ॲथलेटिक्स फी’ अशी ओळ आहे का, ती सत्राला किती, आणि त्यात सामन्यांची तिकिटं येतात का, हे प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला विचारून घ्यावं.